न लागलेली जांभई

१५ नोव्हेंबर, शुक्रवार

दिल्लीत सरोजिनी नगरच्या आमच्या सरकारी क्वार्टरमागे गवताचा एक चौकोन होता. थंडीतल्या रविवारी जेवणं आटोपली की आम्ही तिथे सतरंजी टाकायचो. लहानगी लेक उत्तरा माझ्या मांडीवर, श्यामकांत शेंगा सोलत, सासूबाई पाठीला ऊन घेत. मला जांभई आली की ती श्यामकांतांना लागायची, त्यांची सासूबाईंना, आणि फिरून पुन्हा माझ्याकडे. सासूबाई प्रत्येकाच्या तोंडासमोर चुटक्या वाजवायच्या. उघड्या तोंडातून जीव निसटतो म्हणायच्या. माहेरी, नगरच्या आमच्या कॉन्व्हेंटमध्ये सिस्टर क्लारांनी उलटं शिकवलं होतं. उघड्या तोंडातून सैतान आत शिरतो, म्हणून अंगठ्याने ओठांवर क्रूस काढायचा. मी ख्रिस्ती घरातली मुलगी आणि हिंदू घरातली सून, त्यामुळे माझा अंगठा ओठांवर आणि त्यावर सासूबाईंच्या चुटक्या. श्यामकांत म्हणायचे, "अरूच्या तोंडाला डबल कुलूप. आत कोणी यायचं नाही, बाहेर कोणी जायचं नाही."

हे आज आठवलं ते देविकामुळे. हवा इतकी बिघडली की लहान वर्गांच्या शाळा बंद झाल्या. उत्तरा आणि जावई दोघंही ऑफिसला जाणार, म्हणून नोएडाहून नातीला आमच्याकडे फरीदाबादला आणून सोडलंय. तिला शाळेचा एक प्रोजेक्ट आहे.

"आजी, उबासीला मराठीत काय म्हणतात?"

"जांभई."

"हां, तेच. आपण का देतो, सांग."

मी म्हटलं, झोप येते म्हणून. तिने मान हलवली. तिने सगळं वाचून ठेवलं होतं. प्राणवायू कमी पडतो म्हणून जांभई येते असं पूर्वी मानायचे, ते खरं निघालं नाही. मेंदू गरम झाला की गार करायला येते, असं काही जण म्हणतात. नक्की कुणालाच माहीत नाही. पण एकाची दुसऱ्याला लागते हे नक्की. मालकाची कुत्र्यालाही लागते. अगदी लहान मुलांना लागत नाही. आणि माणूस जितकं जवळचं तितकी ती लवकर लागते.

मग जेवताना प्रयोग झाला. देविकाने खोटी जांभई दिली, मला लगेच खरी आली. "आजी पास!" मग माझी श्यामकांतांनी घ्यायची. मी त्यांच्याकडे तोंड करून चांगली मोठी दिली, पाठोपाठ आणखी दोन आपोआप आल्या. ते नुसते टक लावून माझ्याकडे बघत राहिले.

"आजोबा फेल! आजोबांचं आजीवर प्रेमच नाही!"

सगळे हसलो. तेही हसले. पण ताटात भात तसाच ठेवून उठले.

घडलं एवढंच. तरी मी वही काढून बसले आहे. सिस्टर क्लारा डायरी इंग्रजीतच लिहायला लावायच्या. पण भीती मला मराठीतच वाटते.

१७ नोव्हेंबर, रविवार

काल आणि आज मी गुपचूप प्रयोग केले. सकाळी पेपर वाचताना, दुपारी बातम्या बघताना, ते दाढी करत असताना आरशातून. मला जांभई आणावी लागत नाही हल्ली, मनात आणलं की येते, आणि एक आली की मागून तीन-चार. या धुरात सगळ्यांचंच असं झालंय. डोकं जड, डोळे चुरचुरतात. समोरच्या फ्लॅटमधल्या बाई पण म्हणत होत्या, दिवसभर सुस्ती असते.

त्यांना एकदाही लागली नाही. उलट माझं तोंड उघडलं की त्यांचा जबडा आवळतो. नाकपुड्या फुगतात, डोळ्यांत पाणी येतं, आणि ते तोंड फिरवतात. किळस आल्यावर माणूस करतं तसं.

माझ्याकडे बघून त्यांना किळस येते का? हे लिहिलं आणि पाहिलं, ओळ खाली घसरली आहे. चष्म्याचा नंबर बदलला असावा.

१९ नोव्हेंबर, मंगळवार

आज माझा निळ्या फुलांचा कप फुटला. कानच गुळगुळीत होता, डाव्या हातातून सटकला. आवाजाने श्यामकांत धावत आले. ओरडतील वाटलं, पण खाली बसून तुकडे वेचले. दुपारी बघते तर काचेची आणि चिनी मातीची सगळी भांडी वरच्या फळीवर, आणि चहाला स्टीलचे पेले.

"हे काय?"

"स्टील बरं. चहा गरम राहतो."

"चाळीस वर्षांत कधी आठवलं नाही ते?"

"आता आठवलं."

धांदरट बाईच्या हाताखालून वस्तू काढून घेतात, तशा माझ्या काढून घेतल्या. पुढे देविका म्हणाली, "आजी, तू उबासीची मशीन झालीयेस, यार. मी तुझा व्हिडिओ काढू प्रोजेक्टसाठी?" श्यामकांत तिच्यावर खेकसले. "काही नको! बंद कर तो विषय!" नातीवर ते आजवर कधी खेकसले नव्हते. ती रडवेली झाली. मी तिला जवळ घेऊन बसले.

यांना झालंय तरी काय?

२१ नोव्हेंबर, गुरुवार

आज कळलं. जांभई त्यांना येते.

मी बसल्या बसल्या चार-पाच दिल्या असतील. ते उठून बाल्कनीत गेले आणि काचेचं दार लावून घेतलं. बाहेर हवा अशी की समोरची बिल्डिंग दिसत नाही, आणि यांना दम्याची खोड. मी मास्क द्यायला मागोमाग गेले. दाराआडून ऐकू आलं, लांबलचक, पोटातून आलेली जांभई. मग दुसरी. माझ्याकडे पाठ करून, कठड्याला धरून ते जांभया देत होते.

म्हणजे लागते. पण माझ्यासमोर द्यायची नाही. घरातल्या माणसांत जी आपसूक फिरते, ती त्यांनी माझ्यापासून बाजूला काढून ठेवली आहे.

मी मास्क खुंटीला लावून परत आले. येताना डावा खांदा दाराच्या चौकटीला आपटला, सूज आलीय. कपाळ सकाळपासून ठणकतंय.

मी घाबरले आहे. श्यामकांत अबोला धरणारे नाहीत. रागावले तर बोलून मोकळे होतात. हे काहीतरी वेगळं आहे, न बोलता दूर जाणं.

२४ नोव्हेंबर, रविवार

शालिनीच्या आग्रहावरून कस्तुरबा गांधी मार्गावर आपल्या राज्याच्या सदनाच्या कँटीनला गेलो. सरोजिनी नगरपासूनची मैत्रीण. नवरा गेल्यावर तिला थालीपीठ एकटीने खाववत नाही. तोंडाची टकळी मात्र तशीच.

"काय श्यामकांतराव, बायकोला हात धरून आणताय? नवीन लग्न झालंय का?"

खरंच, हल्ली ते माझ्या डाव्या बाजूने चालतात आणि कोपर धरतात, म्हातारीला घाईने रस्ता ओलांडायला लावल्यासारखं. मेट्रोच्या जिन्यावर माझी चप्पल पायातून निघाली तर वाकून त्यांनीच घातली. चपला जुन्या झाल्यात, पट्टा सैल आहे. लोक बघत होते. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

जेवण झाल्यावर शालिनीने जांभई दिली. "अगं बाई, थालीपीठ भिनलं," म्हणाली. आणि माझ्या डोळ्यांदेखत श्यामकांतांनी जांभई दिली. मोठी, मोकळी, सरोजिनी नगरच्या उन्हातली.

शालिनीची लागली. माझी नाही.

तोंड मिटताच त्यांनी चटकन माझ्याकडे पाहिलं. चोरी पकडली गेल्यावर दिसतो तसा त्यांचा चेहरा झाला होता, पांढराफटक. मला त्यांची लागली, मग एकीतून एक, थांबेचनात. ते खुर्चीवरून अर्धवट उठून "अरू, अरू, पाणी घे" करत होते. शालिनी म्हणाली, "आता या दोघांना घरी जाऊन झोपू द्या."

मी सहासष्ट वर्षांची आहे आणि मला माझ्या सगळ्यात जुन्या मैत्रिणीचा हेवा वाटतोय. येशू, मला क्षमा कर. परतीच्या मेट्रोत मी तिच्याशी बोलले नाही. तिला बिचारीला कळलंही नसेल.

२६ नोव्हेंबर, मंगळवार

हेवा ओसरला, कारण त्याहून वाईट काहीतरी सापडलं. देविकाच्या टॅबवर वाचलं. मेंदूचा एक आजार असतो, त्यात माणसाची आठवण शाबूत राहते पण माया आटते. जवळच्यांचं सुखदुःख त्यांच्यापर्यंत पोचत नाही. स्वभाव बदलतो, उगाच चिडतात.

सगळं जुळतं. नातीवर खेकसणं, कप लपवणं, बाल्कनीत एकटं उभं राहणं. शालिनीचं तेवढं जुळत नाही. पण आजार असेल तर ते असेल कसंही.

उत्तराला फोन केला. म्हटलं, "बाबांना डॉक्टरांना दाखवू या, मला काळजी वाटते."

"आई, तू कशी आहेस?"

"मी बरी आहे गं. बाबांचं बोलतेय मी."

"पडलीबिडली नाहीस ना?"

"मी कशाला पडेन? ऐकतेस का तू? बाबांना..."

"ऐकतेय. जा तुम्ही दोघं. दोघंही जा, आई. प्लीज."

शेवटी तिचा आवाज भरून आला होता. बाप म्हटलं की मुली हळव्याच. मी शुक्रवारची वेळ घेतली, श्यामकांतांच्या नावाने. नाही म्हणतील याची तयारी ठेवली होती. तापातही डॉक्टरकडे न जाणारा माणूस, पण म्हणाले, "चलो. उद्याची नाही का मिळत?"

त्यांनाही काहीतरी जाणवलं असणार. रोग झालेल्यालाच आधी कळतो म्हणतात.

२९ नोव्हेंबर, शुक्रवार

जमेल तेवढं लिहिते.

निघताना श्यामकांत चुकून माझ्या रिपोर्टांची फाईल घेऊन निघाले. यांचं लक्ष कुठे असतं! बदला म्हटलं तर "राहू दे, उशीर होतोय."

डॉक्टर तरुण मुलगी, हरियाणवी वळणाचं मोकळं हिंदी बोलणारी. मी तिला सगळं सांगितलं. जांभई लागत नाही म्हटल्यावर ती हसली नाही, हे बरं वाटलं. तिने यांना घड्याळाचं चित्र काढायला लावलं, शंभरातून सात-सात वजा करायला लावले. यांनी सरकारी हिशेबनीसाच्या थाटात फटाफट केले. मी बाजूला बसून मनातल्या मनात प्रार्थना म्हणत होते आणि जांभया देत होते.

"अंकलजी एकदम फिट हैं," ती म्हणाली. आणि मग माझ्याकडे वळून, "आंटी, आपको ये उबासियाँ कब से आ रही हैं?"

मी सांगायला लागले की ती मी मुद्दाम देते. तोंड उघडलं आणि वाक्याआधी जांभईच आली.

माझ्या आधी श्यामकांत बोलले. "दिवाली से पहले से, डॉक्टर साहब." आणि फाईल पुढे सरकवली.

"दोनों हाथ सामने कीजिए, आंटी. हथेलियाँ ऊपर. अब आँखें बंद."

मी लहान मुलीसारखे दोन्ही हात पुढे केले, डोळे मिटले. शाळेत छडी खायला धरायचो तसे. काहीच झालं नाही. हात समोरच आहेत, अगदी सरळ, हे मला पक्कं माहीत होतं.

"खोलिए."

उजवा समोर होता. डावा खाली, मांडीजवळ, तळवा पालथा पडलेला. तो केव्हा गेला मला कळलंच नव्हतं. माझ्याच पाटल्या असलेला तो हात दुसऱ्या कुणाचा तरी वाटला.

१ डिसेंबर, रविवार

मेंदूच्या तळाशी गाठ आहे. एमआरआयच्या नळीत ठकठक ऐकत पडले होते तेव्हाच कळलं होतं, कागदावर नंतर आलं. वाढ सावकाश होत आली आहे. गाठ साधी दिसते म्हणतात, पण जागा अवघड. दिल्लीत मोठ्या हॉस्पिटलात ऑपरेशन करायचं. सर्जन म्हणाले, बहुतेक चांगलंच होईल. घरी आल्यापासून मी त्यातला 'बहुतेक' तेवढा चघळते आहे.

देविकाला उत्तरा घेऊन गेली. तिने माझ्या गालावर ओठ टेकले आणि विचारलं, "आजी, माझ्या प्रोजेक्टमुळे झालं का?" पोरीने जिवाला काय लावून घेतलंय! नाही म्हटलं, तुझ्या प्रोजेक्टमुळे सापडलं. खरं म्हणजे त्यातली एकही खूण मी नीट वाचली नव्हती.

२ डिसेंबर, सोमवार

आज त्यांना विचारलं. दुपारी, जेवण झाल्यावर. हवा जरा निवळली आहे, बाल्कनीत ऊन आलं होतं.

"तुम्हाला माहीत होतं."

"नक्की नव्हतं. दिवाळीचे लाडू वळताना बघितलं. तुला जांभया सुरू झाल्या, आणि तुझा डावा हात परातीतच पडून राहिला. तू उजव्यानेच वळत होतीस. तुझ्या लक्षातही नव्हतं."

"आणि बोलला नाहीत."

"बोललो. डॉक्टरकडे जाऊ म्हटलं. तू म्हणालीस, मला काय धाड भरलीय."

म्हणाले असेन. मला आठवत नाही.

"मग तुमची जांभई?"

"तुझी मला लागतेच, अरू. एवढ्या वर्षांत कधी लागली नाही असं झालंय? पण मी दिली की तुला पुन्हा यायची, आणि मग थांबायची नाही. चार, पाच. आणि नंतर तुझा हात जायचा. मला वाटलं, जांभईनेच होतंय. मी दिली नाही तर साखळी तुटेल. म्हणून दात आवळून धरायचो. नाहीच जमलं तर इथे यायचो. त्या दिवशी शालिनीवहिनींच्या वेळी बेसावध होतो."

मी हसले आणि मग रागावले. खूप रागावले. डॉक्टरीणबाई म्हणाली होती की जांभई हे कारण नव्हे, खूण आहे, दारावरची थाप. आणि आम्ही दोघं म्हातारे! मी त्या थापेवरून यांचं प्रेम मोजत बसले, आणि हे दाराला पाठ लावून उभे. एवढे दिवस वाया गेले. त्या दिवसांत गाठ किती वाढली असेल? हे मी बोलून दाखवलं. त्यांनी माझा डावा हात उचलून आपल्या मांडीवर ठेवला.

मग मला पुन्हा जांभई आली आणि या वेळी त्यांनी स्वतःची दाबली नाही.

प्रेम आहे हे कळल्यावर भीती कमी होईल असं वाटलं होतं. ती वाढली. आता सोडून जायला जास्त आहे.

६ डिसेंबर, शुक्रवार, हॉस्पिटल

उद्या सकाळी नेणार. केस उतरवून झाले. आरशात नगरची सिस्टर दिसते, फक्त झगा नाही. औषधाने जांभया कमी झाल्यात आणि त्या नसल्या की कसंतरी वाटतं. श्यामकांत खाली चहाला गेलेत, तोवर हे लिहून ठेवते. उजव्या हाताने लिहिते आहे, तो अजून माझाच आहे.

मला भीती वाटते. उठलेच नाही तर त्याची तेवढी नाही. उठले आणि ओळखच राहिली नाही तर, त्याची. तसं झालं तर माझ्यासमोर रडू नका. मला आपली नावं पुन्हा सांगा, सावकाश.

आईचं गीतांचं पुस्तक चर्चमध्ये गाणी बसवणाऱ्या बाईंना द्या. पाठीमागे फाटलंय, तिथे हात जपून.

सासूबाईंचे देव उत्तराकडे. पूजा करायचीच असं नाही, मीही कधी केली नाही, पण दर शनिवारी चिंचेने घासले. घासताना सासूबाई माझ्याशी फार गप्पा मारायच्या, गेल्यानंतरही. उत्तरा, तू घासत जा, काही ऐकू येतं का बघ.

पाटल्या विकायच्या नाहीत. एक उत्तराला, एक देविकाला, अठराची झाली की.

शालिनीला माझी नारायणपेठ, हिरवी. माझ्या मनात तिच्याविषयी एक वेडावाकडा विचार येऊन गेला, त्याची भरपाई. का, ते सांगायची गरज नाही. शोभून दिसेल तिला.

शिलाई मशीन समोरच्या फ्लॅटमधल्या बाईंना. दर वेळी बघून जातात, मागत नाहीत.

गाजराचं लोणचं बाल्कनीत उन्हात ठेवलंय, ते आठवड्यात संपवा.

मी परत आले तर यातलं कुणाला काही मिळणार नाही. सगळं जागच्या जागी हवं.

आणि श्यामकांत. ते उत्तराकडे जाणार नाही म्हणतील, मला एकटं राहायची सवय आहे म्हणतील. त्यांना नाही. म्हणून श्यामकांत देविकाला. सोमवार ते रविवार, शाळा सुरू असो की बंद. देविका, ऐक. आजोबा दुसऱ्यांदा पोळी मागत नाहीत. भाजी संपली तरी सांगत नाहीत. पोट भरलं का विचारलं तर हो म्हणतात, थंडी वाजते का विचारलं तर नाही. त्यांना काही विचारायचं नाही. फक्त वाढायचं.